क्लच दाबलेला असताना बंद पडणारी गाडी आणि 'ग्राहकास समजावले' हा शेरा

सातारा
६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : १०० सीसी मोटारसायकलच्या साइड स्टँड स्विचमधील दोष आणि तो चालवणाऱ्याच्या माथी मारल्याबाबत

महोदय,

यंदाच्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, तुमच्या साताऱ्यातल्या अधिकृत डीलरकडून मी ही गाडी घेतली. २८ टक्के जीएसटी भरून. सप्टेंबरात तो १८ वर आला, पण ते माझं नशीब. त्याची तक्रार तुमच्याकडे नाही.

मी पोस्टाच्या बचत योजनेची महिला प्रतिनिधी आहे, वय ४४. पंधरा वर्षं स्कूटर चालवली. माझे निम्मे खातेदार शाहूपुरी-करंज्यात आणि बाकीचे माहुली, लिंबकडे. पावसाळ्यात तिकडच्या आतल्या रस्त्यांवर स्कूटरची लहान चाकं खड्ड्यात अडकतात, म्हणून मोठ्या चाकांची, गिअरची गाडी शिकायचं ठरवलं आणि स्कूटर विकली. शोरूममध्ये सांगितलं की नवशिक्यासाठी याहून सोपी गाडी नाही. ते खोटं नव्हतं. वजनाला हलकी, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, क्लच मऊ. एप्रिल-मे मध्ये भाच्याला मागे बसवून मैदानात शिकले. विनागिअरचं लायसन्स होतंच, गिअरचं शिकाऊ काढलं आणि 'एल' लावून गावात फिरायला लागले. तोवर गाडीनं एकदाही दगा दिला नाही.

जूनचा पाऊस लागला आणि गाडी बंद पडायला लागली. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे चढताना, बोगद्याजवळ, पोवई नाक्यावर. साताऱ्यात सपाट रस्ता मुळात कमी, त्यामुळे बंद पडली की मागे घसरायची भीती. एका संध्याकाळी पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी मार्गात, चढावर वाहनं तुंबली होती. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेकवर पाय. इंजिन गेलं आणि त्याबरोबर हेडलाइटही गेला. मागे खडीचा डंपर. त्या ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता थांबून दिलं, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

२४ जूनला पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले. अॅडव्हायझर हसून म्हणाले, "मॅडम, नवीन आहात, क्लच एकदम सोडताय." मला पटलं. नवशिक्याची गाडी बंद पडते ती तशीच. ११ जुलैला पुन्हा गेले तेव्हा मुद्दाम सांगितलं की क्लच दाबून उभी असतानाही बंद पडते. त्यांनी क्लचची केबल बदलली, ३८० रुपये. २ ऑगस्टला प्लग बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, ६१० रुपये. दर वेळी एक मुलगा कोरड्या गाडीवर एक चक्कर मारून यायचा आणि 'ओके' म्हणायचा. मग गाडी धुवायची. धुतलेली गाडी दोनदा तुमच्या फाटकातच बंद पडली. त्यावर वॉचमनही मला क्लच शिकवून गेला.

मधे २२ जुलैला आरटीओची परीक्षा होती. आठ आकड्याच्या दुसऱ्या वळणावर इंजिन गेलं, पाय टेकला, नापास. घरी येऊन मी भाच्याला म्हटलं, वय झालं बाबा, आता हे जमायचं नाही. दोन महिने मी हेच समजून चालले होते. तुमच्या गाडीतला बिघाड नेमका नवशिक्याच्या चुकीसारखा दिसतो, आणि ज्यांना फरक कळायला हवा होता त्यांनी तो ओळखायचा प्रयत्नच केला नाही.

तो ओळखला आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी, १७ ऑगस्टला, गाडी न उघडता. त्यांनी विचारलं, बंद पडताना गचका बसतो का? मी म्हटलं, नाही, चावी फिरवल्यासारखी शांत होते. क्लच चुकला तर गाडी आधी हिसका देते, थरथरते, मग बंद पडते. मग त्यांनी गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच धरून ठेवला आणि स्टँडच्या खिळ्याजवळ मगातलं पाणी ओतलं. स्टँड वर असूनही मीटरवर स्टँडचं चिन्ह लुकलुकलं आणि इंजिन गप्प. "वहिनी, ही तुमच्या हातानं बंद पडत नाही, स्टँडच्या स्विचनं पडतीया." स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करायचं, हे त्या स्विचचं काम. त्याच्या वायरच्या सॉकेटात पाणी जाऊन हिरवट गंज चढला होता. त्यांनी तो पुसला, ग्रीस लावलं, पैसे घेतले नाहीत. दहा दिवस गाडी सुरळीत चालली, मग गणपतीतल्या पावसात पुन्हा तेच.

३० ऑगस्टला मी सॉकेटचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. उत्तर मिळालं की बाहेरच्या माणसानं हात लावला, आता वॉरंटी लागू नाही. तपासणीचे १५० रुपये द्या. मेस्त्री वायर जोडून स्विच बायपास करायला तयार होते, पण मीच नको म्हटलं. स्टँड काढायला विसरणं ही नवशिक्याची चूक खरोखरच होते आणि डाव्या वळणाला ती जिवावर बेतते. तो स्विच मला हवा आहे, फक्त पावसात चालणारा.

माझ्या चारही जॉबकार्डांवर शेवटच्या रकान्यात एकच शेरा आहे : 'ग्राहकास समजावले'. आरडीचं खातं भरून घेताना मी एक आकडा चुकवला तर पोस्टमास्तर कागद परत देतात. तो शेरा चुकीचा आहे, तो दुरुस्त करून हवा.

स्विच आणि सॉकेट वॉरंटीत बदलून द्यावेत. तीन वेळचे मिळून १,१४० रुपये आणि फेरपरीक्षेची ३०० रुपये फी परत करावी. दोष गाडीत होता असं लेखी द्यावं. आणि तुमच्या सगळ्या सर्व्हिस सेंटरना कळवावं की कुणी शिकाऊ येऊन 'क्लच दाबलेला असताना बंद पडते' म्हणाला, तर शिकवणी घेण्याआधी स्टँडच्या स्विचवर मगभर पाणी ओतून बघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि कागद लावायची मला सवय आहे.

चार जॉबकार्डं, तीन पावत्या आणि सॉकेटचे फोटो सोबत जोडले आहेत. फोन दुपारी दोननंतर करावा. सकाळी मी कलेक्शनला बाहेर असते आणि सध्या चालत जाते.

आपली,
एक ग्राहक
शाहूपुरी, सातारा