शून्य कुठे धरलात? दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
सविनय नमस्कार.

आमच्या पुण्यातील इमारतीसमोर मोबाइल टॉवर आहे. त्याच्या किरणोत्सर्गाची मोजणी व्हावी म्हणून मी दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर 4000 रुपये भरले. मोजणी सदोष झाल्याचे पथकाने लेखी मान्य केले आणि महिन्याभरात फेरमोजणीचे आश्वासन दिले. त्याला आज तीन महिने उलटले.

मोजणीच्या दिवशी मे महिन्याचे ऊन होते. वातानुकूलित गाडीतून काढलेला किरणोत्सर्ग मोजणारा मीटर तापलेल्या गच्चीवर आणून लगेच सुरू केला गेला. मीटर बाहेरच्या तापमानाला स्थिरावण्याआधी त्याचे आकडे सरकतात, हे पथकाला माहीत असायला हवे होते. पुढची चूक तर अक्षम्य होती. अँटेनांच्या समोर उभे राहूनच अधिकाऱ्यांनी शून्याचे बटण दाबले. ज्या मीटरला हाताने शून्य द्यावे लागते, त्याला ते जिथे किरणोत्सर्ग पोहोचत नाही अशा जागी किंवा प्रोब (मीटरचा किरणोत्सर्ग टिपणारा भाग) झाकून द्यायचे असते. टॉवरखाली दिले तर जे मोजायचे तेच शून्य ठरते. प्रोब शरीराला टेकलेला, दोघांचे मोबाइल खिशात चालू, वाचन जेमतेम दोन मिनिटांचे आणि तेही एकाच उंचीवर. सरासरी सहा मिनिटांची हवी होती. कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटरची अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र मागितले, तेव्हा मुदत संपून चौदा महिने झाल्याचे दिसले आणि कोणत्या वारंवारतेला कोणता दुरुस्ती गुणक (वाचन अचूक करण्यासाठी गुणायचा आकडा) लावला, हे कुणालाच सांगता आले नाही.

1 सप्टेंबर 2012 पासून आपल्या देशाने आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश स्वीकारला, याचा मला अभिमान आहे. 900 मेगाहर्ट्झ वारंवारतेला ही मर्यादा 0.45 वॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे 13 व्होल्ट प्रति मीटर. पण क्षेत्राच्या (व्होल्टमधल्या) आकड्यात चाळीस टक्के जास्तीची चूक झाली, की शक्तीघनता (वॉटमधला आकडा) जवळपास दुप्पट दिसते. मग त्या कडक मर्यादेला अर्थ काय उरतो?

टॉवरची पातळी मर्यादेत असेलही. मी घबराट पसरवत नाही. मला खरा आकडा हवा आहे. माझी आई हृदयरोगी आहे, तिची खोली टॉवरच्या थेट समोर आहे, आणि 'सर्व ठीक' असा कागद हाती असूनही मी रात्री तिची खाट भिंतीच्या पलीकडे सरकवतो. ही अनिश्चितता आता असह्य झाली आहे. कार्यालयाच्या नऊ फेऱ्या मारल्या, चार दिवसांची रजा गेली.

भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापनाचा शिक्का नसेल तर त्याला दंड होतो. सरकारी मोजणीच्या उपकरणाची मुदत चौदा महिने उलटूनही त्याचा अहवाल ग्राह्य धरला जातो, हा कुठला न्याय? कंपनी स्वतःच्या टॉवरचे प्रमाणपत्र स्वतः देते, आणि शंका घेणाऱ्या नागरिकाने पैसे भरून असे वाचन पदरात घ्यायचे!

वैध प्रमाणपत्र असलेला मीटर घेऊन, तो आमच्यासमोर मोजणीसाठी सज्ज करून, फेरमोजणी करावी आणि कच्ची वाचने आम्हाला द्यावीत. गच्चीची किल्ली माझ्याकडेच आहे.

आपला,
एक सदनिकाधारक, पुणे