ताई, त्या हिरव्या हुमणीबद्दल थँक्यू

ताई नमस्कार,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, पण तुमच्याशी बोलायला लागलो की विषय हुमणीवर (ती मुळं खाणारी पांढरी अळी) नाहीतर मर रोगावर जातो आणि आभार मानायचे राहूनच जातात. म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितोय, तुम्ही मला जे शिकवलं ते अजून चार जणांच्या कानावर पडू दे.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी चिडलेलो होतो, आठवत असेल. टोमॅटोची रोपं बुंध्यातून कुजून आडवी पडत होती, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी सोडूनसुद्धा. हे जैविक वगैरे काही खरं नाही, नुसती पावडर विकतात, असं मी तुम्हाला तोंडावर बोललो. तुम्ही वाद घातला नाही. फक्त विचारलं, कशासोबत सोडलं, किती वाजता सोडलं, पाकीट कुठं ठेवलं होतं. आणि मी सांगत गेलो तसं माझं मलाच कळत गेलं, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच टाकीत, तेही भर दुपारी, आणि पाकीट अख्खा उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेलं. तुम्ही म्हणालात, "दादा, ती पण बुरशीच आहे, बुरशीनाशकात घातल्यावर मरणारच ना." इतकी साधी गोष्ट, पण मला तोपर्यंत कुणी सांगितलीच नव्हती.

मग तुम्ही लॅबमध्ये बोलावून बुरशी वाढवलेली एक प्लेट दाखवलीत. एका कडेला रोपं मारणारी रायझोक्टोनिया बुरशी, दुसऱ्या कडेला ट्रायकोडर्मा, आणि थोड्या दिवसांत हिरवा थर पार पलीकडच्या कडेपर्यंत चढलेला. मायक्रोस्कोपखाली तर ट्रायकोडर्माचा धागा दुसऱ्या धाग्याला वेलासारखे वेढे घालून बसला होता, आणि तुम्ही सांगितलंत की तो एन्झाइम सोडून त्याची भिंत विरघळवतो आणि आतलं खातो, आणि ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर जगतो हे वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं १९३२ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे एवढी जुनी गोष्ट आणि मी तिला फेक म्हणत होतो. त्या दिवसापासून मी ते पाकीट औषध म्हणून बघायचं सोडलं. जित्राबासारखं बघतो, सावली पाहिजे, ओल पाहिजे, खायला पाहिजे.

तुम्ही सांगितलं तसंच आता करतो. १०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा, सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट, तीन-चार दिवसांनी वरखाली करायचं, आणि आठ-दहा दिवसांनी जमिनीत ओल असताना टाकायचं. ताजं शेण घ्यायचं नाही, ते आतून तापतं. बीजप्रक्रिया वेगळी. रासायनिक बुरशीनाशक मारायची वेळ आलीच तर मध्ये काही दिवस सोडून.

पण खरं थँक्यू त्या हुमणीसाठी. मेटारायझियम (किडी मारणारी बुरशी) टाकून आठ दिवस झाले तरी अळ्या जिवंत दिसत होत्या, मी परत तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही म्हणालात की विषासारखं लगेच मरत नाही, बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, अंगाला चिकटतो, तिथंच रुजतो, कातडीतून आत शिरतो आणि मग आत वाढतो, याला वेळ लागतो. अळीनं ते खायलाच पाहिजे असंही नाही. मग तुम्ही शेतात येऊन एक सुस्त पडलेली अळी उचललीत, डबीत ओला कापूस घालून त्यावर ठेवलीत आणि म्हणालात रोज बघा. आधी अळी कडक झाली, मग सांध्यांतून पांढरा कापूस फुटला, आणि मग एके दिवशी सगळी गडद हिरवी पावडर. मी ती डबी घरात सगळ्यांना दाखवली.

आणि रेशीमवाल्यांची गोष्ट सांगितलीत तेही फार बरं झालं. बिव्हेरिया बॅसियाना हीपण किडी मारणारी बुरशी, तिचं नाव ज्या बॅसी नावाच्या शास्त्रज्ञावरून पडलं त्यानं १८३५ सालीच दाखवून दिलं होतं की रेशीम किडे याच बुरशीनं मरतात. त्यामुळे मावा, पांढरी माशी काहीही असो, जवळ तुती असेल तर बिव्हेरिया मारायचंच नाही, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो, बाकीचं नंतर. फवारणी संध्याकाळीच, उन्हात बीजाणू मरतात, आणि हवेत दमटपणा पाहिजे, हेही सांगतो.

हुमणी संपली असं मी म्हणणार नाही, अजून आहे. पण या वेळी रोपं उभी आहेत ताई, कोलमडलेली मोजायला एक हात पुरला.

आणि एक सांगायचंच राहिलं, परवा बांधाकडेला खणताना अजून एक हिरवी हुमणी सापडली, आणि तिथं मी मेटारायझियम टाकलंच नव्हतं. डबीत ठेवलीये, आलात की दाखवतो.

तुमचा,
टोमॅटोवाला दादा