नेफ्रॉनची आकृती झाकून ठेव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की जीवशास्त्र म्हणजे नुसती घोकंपट्टी. ते मनात राहिलं, म्हणून लिहायला बसले. नावं पुष्कळ आहेत आणि ती पाठ करावीच लागतील, त्यात सूट नाही. पण आधी नावं आणि मग काम, असा क्रम लावलास तर कंटाळा येणारच.

मूत्रपिंडाचं घे. नेफ्रॉनच्या, म्हणजे त्यातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळीच्या, आकृतीभोवती बाणच बाण असतात. ती नावं जरा वेळ झाकून ठेव. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. मग बाकीचं जातं कुठे? आता ग्लुकोजचा एकच रेणू पकड आणि त्याच्या मागे मागे जा. रक्तातून गाळला गेला की पहिल्याच नागमोडी नलिकेत तो सोडियमच्या जोडीने पेशीत ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा रक्तात येतो. हे ओढून घेणारी प्रथिनं मोजकीच असतात. मधुमेहात रक्तातली साखर फार वाढली की ती पुरी पडत नाहीत आणि साखर लघवीत उतरते. त्या नलिकेच्या पेशींत तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा पुरवणारी अंगकं, एवढ्या दाट का, हे मग तुझं तुलाच सुचेल. सोडियम बाहेर ढकलत राहायला ऊर्जा लागते ना! एवढं झालं की आकृती उघड. नावं आपोआप जागेवर बसतात.

दुसरं म्हणजे, प्रत्येक धड्याला विचारत जा: हे कशावरून कळलं? डीएनएची प्रत तयार होताना जुनी एक साखळी आणि नवी एक साखळी अशी जोडी बनते, हे वाक्य तुला पाठ आहे. पण १९५८ साली मेसेल्सन आणि स्टाल यांनी ते दाखवलं कसं, ते नीट वाच. त्यांनी जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर आणले आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवला, म्हणजे जड आणि हलका डीएनए वेगवेगळ्या उंचीवर पट्टी होऊन थांबतो. एका पिढीनंतर एकच पट्टी आली, जड आणि हलक्याच्या बरोबर मध्ये. म्हणजे मूळ रेणू अख्खा शिल्लक राहतो, ही कल्पना तिथेच बाद झाली. पण जुने-नवे तुकडे सगळीकडे मिसळत असतील, ही शक्यता अजून उभी होती. ती पडली दुसऱ्या पिढीत, कारण तेव्हा पट्ट्या दोन आल्या: एक मधली, एक हलकी. मला हा प्रयोग फार आवडतो. एकेक शक्यता किती शांतपणे बाजूला काढली आहे बघ.

प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचं टोक बघशील तेव्हा बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्याच दिसतील. पुस्तकातल्यासारख्या सुबक अवस्था शोधत बसू नकोस. दिसतं तेच काढ आणि मोज. कोणत्या अवस्थेतल्या पेशी किती, यावरूनच त्या अवस्थेला किती वेळ लागतो याचा अंदाज येतो.

आता एक काम कर. मेसेल्सन-स्टालच्या प्रयोगात तिसऱ्या पिढीनंतर पट्ट्या कुठे येतील आणि कोणती किती जाड असेल, ते पुस्तक न उघडता कागदावर काढ आणि फोटो पाठव. रात्री बघते.

तुझी,
आई