जुन्या नोंदी, जुनाच संशय

महोदय,
पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्यासाठी राज्याने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा कुठल्या खात्यांतून फिरला हे शोधायला असे तंत्र हवेच. पण पुढचा गुन्हा कुठे होईल याचे भाकीत संगणक जुन्या नोंदींवरूनच करतो, आणि त्यात जेवढे गुन्हे नोंदले गेले आणि ज्यांना पकडले तेवढेच असते. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला. तरी आमच्याकडे घरफोडी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावरच! हाच संशय यंत्रात भरायचा का? अमेरिकेतील सांताक्रूझ शहराने २०२० मध्ये अशा भाकितांवर बंदी घातली. आपल्या जिल्ह्यात हे तंत्र येणार असेल, तर कोणत्या नोंदी वापरणार आणि त्या तपासणार कोण, हे आधी जाहीर करावे.

– एक वाचक, जत (जि. सांगली)