बिटकीची पाठ आणि तुमचं बंद घर

फोंडा,
श्रावणातला शुक्रवार

प्रिय शालू,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून तू शकूकडे केलेली कागाळी माझ्यापर्यंत पोचली. आम्ही सगळे बरे. माझी साखर ताब्यात आहे, ह्यांचा खोकला पावसाबरोबर जाईल. आता मुद्द्याचं ऐक. चवथीला तुम्ही येणार, आणि हे प्रकरण नेमकं तुमच्या घरात येऊन अडकलंय.

आपल्या बिटकी मांजरीची पाठ गेली गो. शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंत केस नाहीत, मांड्यांच्या आत आणि पोटाखालीही तेच. केसांतून उलटा हात फिरवला की बारीक खपल्या बोटांना लागतात. काकी असती तर एव्हाना अर्ध्या वाड्याला फैलावर घेतलं असतं. ती नाही, म्हणून वाडा मोकाट सुटलाय. बाबल म्हणतो उष्णता, ताक पाज. शेजारीण करंजेल चोळायला निघाली होती. आणि तू फोनवर शकूला म्हणालीस, ‘मासे बंद करा.’ मांजराचं काही बिघडलं की तुझं बोट बांगड्याकडे, हे आठवीपासूनचं आहे.

तर माशांचंच आधी संपवते. अन्नाची ॲलर्जी मांजरांना होते, आणि मासे, चिकन, बीफ हेच नेहमीचे संशयित, एवढं तुझं खरं. पण ती खाज बहुधा डोकं, मान आणि चेहऱ्यावर जास्त असते आणि पावसाळा-उन्हाळा बघत नाही. तपासायची तर पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस, किंवा डॉक्टरांनी दिलेलं खास खाणं, किमान आठ आठवडे द्यायचं. मधे दुसरा घास नाही. खाज थांबली की जुनं खाणं पुन्हा सुरू करून बघायचं. ती परत आली तरच आरोप सिद्ध. आपल्या श्रावणाने काही सिद्ध होत नाही, तो महिनाभराचा, आणि बिटकी पाच स्वयंपाकघरांत जेवते. त्यांतल्या दोन घरांत श्रावण नसतो.

बिटकीला दाखवलं तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी टक्कल कुठे पडलंय ते बघितलं. कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची आतली बाजू म्हटलं की पहिला संशय पिसवांचा. तू म्हणशील, अंगावर एक पिसू दिसत नाही. दिसणारच नाही! मांजर दिवसभर चाटतं, पिसू सापडली की गिळतं. ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते. थोडे चावे झाले तरी कातडी कितीतरी दिवस खाजत राहते. केस गळत नाहीत, ती चाटून तोडते. टकलावर उलटं बोट फिरवलंस तर खुंट टोचतात. तोच केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला की टोक तुटलेलं दिसतं. आपोआप गळलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, आणि मग कारण भलतीकडे शोधावं लागतं.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. उवांची बारीक दातांची फणी घे, मांजराला पांढऱ्या कागदावर उभं कर, कमरेपासून शेपटीकडे विंचर. काळे कण पडतात. ते ओल्या कापसावर टिपायचे. माती असेल तर काळीच राहते; पिसवांची विष्ठा असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. बिटकीच्या कापसावर तांबडं उमटलं. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडेही होते. तो पट्टकृमी, पिसू गिळल्यानेच होतो. त्याची प्राझिक्वांटेलची गोळी वजनावर ठरते, ती झाली.

नायट्याचा संशय मीही घेतला होता, कारण तो माणसांना लागतो. त्यात गोलसर टक्कल, कोंडा, तुटके केस, बहुधा तोंड-कान-पंजांवर, आणि पिल्लांत जास्त. बाईंनी अंधारात वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील दिवा धरला, हिरवं काही चमकलं नाही. पण न चमकणारेही प्रकार असतात, म्हणून केस कल्चरला, म्हणजे बुरशी वाढते का ते बघायला लावलेत. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर औषधाच्या दुकानातलं ते तीन औषधांचं मलम कुणी लावायचं नाही, बाबलला मी बजावून ठेवलंय. त्यातल्या स्टिरॉइडने खाज दबते आणि बुरशी असली तर आरामात पसरते. शिवाय लावलेलं सगळं पोटात जातं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून चाटणं थांबेल, खाज नाही. कानात काळपट तपकिरी कोरडा मळ नाही, म्हणजे कानातले किडे नाहीत; कानांच्या कडांवर जाड खपल्या नाहीत, म्हणजे खरूज नाही. नाकाच्या दांडीवर दोन फोड आहेत, ते डासांचे, आपल्याकडच्या पावसात काळ्या नाकाच्या मांजरांना होतात तसे. तुझी आई ज्याला ‘ताण’ म्हणते ते सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

आता तुमचं घर. बिटकी तुमच्या मागच्या खोलीत झोपते, काकीच्या जुन्या गोधडीवर, फुटक्या कौलाखालून आत जाऊन. मांजराच्या अंगावर असतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या पाच टक्के धर. बाकी अंडी, अळ्या आणि कोश जमिनीवर. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती अंगावर चिकटत नाहीत, मांजर झोपतं तिथे झडून पडतात. अळ्या उजेडापासून पळतात, फटीत आणि गोधडीच्या शिवणीत शिरतात. हवा कोरडी असेल तर मरतात. आपल्या पावसाळ्यात त्यांचा थाट, दोन-तीन आठवड्यांत अंड्याची पिसू. कोश मात्र खरा चिवट. त्यावर कुठलाही फवारा चालत नाही, कित्येक महिने तो तसाच राहतो आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की फुटतो. वर्षभर बंद घर चवथीला उघडलं की पहिल्या रात्री सगळ्यांचे पाय का फुटतात, ते आता कळलं? तुझा नवरा अजून पाण्याला दोष देतो.

म्हणून गणपतीवर माटोळी बांधायच्या आधी दहा-पंधरा दिवस घर उघडायला हवं. किल्ली शकूकडे आहे, मला दे म्हणून सांग तिला, माझ्याशी ती बोलत नाहीये (नारळांवरून, सविस्तर भेटल्यावर). गोधडी टाकूनच देऊ या, काकीची असली तरी. बाकी पांघरुणं साठ अंशांच्या पाण्यात. मग व्हॅक्यूम, भिंतीच्या कडेने, फटींत, पलंगाखाली, रोज. त्याच्या हादऱ्याने कोश फुटतात, हेच आपल्याला हवंय. पिशवी लगेच बाहेर रिकामी करायची. त्यानंतर पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेला फवारा, त्याने अंडी-अळ्यांची वाढ थांबते. पूर्ण सुकेपर्यंत बिटकी बाहेर. फिनाईलने लादी पुसायची नाही. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही, आणि पंजे ती चाटणारच. साबणाचं पाणी, वरून साधं पाणी, बस.

बिटकीला सेलामेक्टिनचे, पिसवा मारणारे थेंब घालते, अडीच ते साडेसात किलोच्या मांजराची ४५ मिलिग्रॅमची नळी. मानेच्या वर, जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला सारून नळीचं टोक कातडीला टेकवायचं. केसांवर ओघळलं तर वाया जातं आणि चाटलं तर फेस येतो. पुढचे दोन तास तरी आंघोळ नाही. महिन्यातून एकदा, निदान तीन महिने सलग, आणि वाड्यातल्या सगळ्या मांजरांना, तुमच्या राखणदार कुत्र्यासकट. एक जरी सुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून. कुत्र्याची नळी वेगळी, त्याच्या वजनाची. औषध घालूनही नव्या पिसवा दिसल्या की लोक म्हणतात, औषध बोगस. त्या कोशातून आत्ता निघालेल्या असतात, जुन्या नव्हेत. खाज फार वाढली तर बाई थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतील, तेही नायटा नाही हे कळल्यावर. केस धरायला काही आठवडे, पूर्ण भरायला दोन-तीन महिने.

आणि हे नीट वाच. मुंबईहून कुत्र्यांचे थेंब स्वस्त मिळतात म्हणून आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येऊन मरण येतं. ‘अर्धी नळी घालू’ हा बाबलचा हिशेब इथे चालत नाही. कुत्र्याला ते लावलं तर तीन दिवस बिटकी त्याला चिकटून झोपता कामा नये. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवायचं आणि थरथर सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टरांकडे पळायचं. टी ट्री तेल, गोचिडाची पावडर, सगळ्याला नाही.

सूनबाईंची बदली रद्द झाली ते बरं झालं. तुझ्या गुडघ्याचं काय? नातीला आंघोळ घालताना वाकू नकोस.

कोकणकन्येने येणार असाल तर करमळीला उतरा, हे न्यायला येतील. तारीख कळव, म्हणजे घर केव्हा उघडायचं ते ठरवता येईल.

तुझी,
मंदा

ता. क. नातीने बिटकीसाठी घुंगराचा पट्टा घेतलाय असं शकूकडून कळलं. ताण पडला की आपोआप सुटणारा असेल तरच आण. कौलांतून ये-जा करणारं मांजर साध्या पट्ट्याने लटकतं. आणि तोही पाठ भरल्यावरच.