गेममधला फेटा हीसुद्धा चित्रकलाच

महोदय,

‘गेमच्या नादानं पोरं वाया गेली’ हे पालकसभेत वर्षानुवर्षं ऐकत आले. खेळणाऱ्यांचं काय ते घरच्यांनी बघावं. पण गेमसाठी वस्तू घडवणाऱ्या मुलांना त्याच तागडीत तोलू नये, म्हणून हे पत्र.

माझा एक माजी विद्यार्थी ‘टीम फोर्ट्रेस २’ या अमेरिकी गेममधल्या हेवी नावाच्या धिप्पाड, टकल्या रशियन गड्यासाठी कोल्हापुरी फेटा घडवतोय. ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मोठ्या घड्या आकारातच काढायच्या, बारीक चुण्या मात्र वरून रंगवायच्या, नाहीतर मॉडेल संगणकाला जड होतं. शेमला पुढे घेतला तर छातीवरच्या गोळ्यांच्या पट्ट्यात घुसतो, म्हणून पाठीवर सोडलाय. धावताना तो हलावा यासाठी मॉडेलच्या आत ‘हाडं’, म्हणजे हालचालीसाठीचा अदृश्य सांगाडा, बसवावी लागतात. तुऱ्यावरून मात्र आमचा बराच वाद झाला. त्यानं तो चांगला ऐटीत, उंच काढला होता. पण या गेममधली नऊ पात्रं लांबून नुसत्या बाह्याकारावरून ओळखू यावीत अशी बेतलेली आहेत. २००७ साली गेम आला तेव्हा त्यासाठीच त्याच्या कलाकारांनी लायन्डेकर, रॉकवेल या जुन्या अमेरिकी चित्रकारांची शैली समोर ठेवली होती. उंच तुऱ्यानं हेवीचा बाह्याकारच बदलत होता, म्हणून शेवटी तो छाटला. संघ दोन, लाल आणि निळा. रंग दोन्हीकडे शोभला पाहिजे. संकल्पचित्राच्या पेपरासाठी आम्ही मुलांना दुसरं काय शिकवतो?

२०११ पासून ‘स्टीम’ या गेमविक्रीच्या संकेतस्थळाच्या ‘वर्कशॉप’ विभागात अशी वस्तू कुणालाही पाठवता येते. खेळाडू मत देतात, निवड गेम बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी करते आणि विक्रीतला वाटा घडवणाऱ्याला मिळतो. आपले तीन गेम मिळून दीड हजाराहून अधिक लोकांना ५ कोटी ७० लाख डॉलरच्या वर रक्कम दिल्याचं कंपनीनं २०१५ मध्ये जाहीर केलं होतं. निवड थोड्यांचीच होते, हे पालकांनी जरूर ध्यानात घ्यावं. पण फेटा निवडला गेला नाही तरी हात तयार होतोच.

कला संचालनालयानं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या जोडीला त्रिमित घडणीची ऐच्छिक परीक्षा सुरू करावी. तोवर मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तास तरी संगणक कक्षाची किल्ली चित्रकलेच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर