वकिलाची मुलगी आणि तुझा गोऱ्हा

नागपूर

चि. ऋचा हिस अनेक आशीर्वाद.

काल तान्हा पोळा झाला. शेजारचा पोट्टा आपल्या लाकडी नंदीचं चाक मोडून रडत आला, तर तुझ्या आईने शोकेसमधला तुझा ब्राँझचा गोऱ्हाच काढून त्याच्या हातात दिला. मी जुन्या पाटाला चाकं ठोकली, गोऱ्हा सुतळीने बांधला. केवढं वजन त्याचं! पोट्ट्याला ओढवेना, मलाच मागून ढकलत न्यावं लागलं. बक्षीस अर्थातच दुसऱ्याच नंदीला. आपल्याला खाऊचा पुडा.

घरी आणून पुसत होतो तर पोटाखाली बोट अडखळलं. उलटा करून पाहिलं, तुझ्या अंगठ्याचा ठसा. रेषासुद्धा दिसतात. मेणात उमटलेला असणार. साच्यातलं मेण वितळून वाहून गेलं, त्या जागी धातू ओतला आणि ठसा धातूत आला. तीन वर्षं घरात आहे हा गोऱ्हा, मी कधी हातात घेऊन पाहिला नव्हता.

रात्री झोप येईना म्हणून तू फोनवर सांगितलेल्या त्या जर्मन शिल्पकार रेने झिंटेनिसबद्दल वाचत बसलो. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात देतात ते अस्वल तिचं! म्हणजे व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला १९५८ साली मिळालेलं रुपेरी अस्वलही तिच्याच हातचं म्हणायचं. बाई चांगली उंच, पण कामं बहुतेक लहान लहान: शिंगरं, हरणाची पाडसं, करडं. घरात ठेवता येतील अशी. मोठे पुतळे म्हणजेच शिल्पकला, असं मी तुला ऐकवलं होतं, आठवतं ना?

१९३१ साली प्रशियाच्या कला अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. आजी ज्यू होती म्हणून नाझींनी १९३४ साली काढून टाकलं. पुढे नवरा गेला, १९४५ साली बॉम्बहल्ल्यात स्टुडिओ गेला. तरी युद्धानंतर बर्लिनमध्येच शिकवत राहिली.

पण मी अडकलो ते आधीच्याच एका ओळीत. तिचे वडील वकील. मुलीचं कलेचं शिक्षण मध्येच थांबवून त्यांनी तिला आपली सेक्रेटरी केलं. टायपिंग, पत्रव्यवहार. शेवटी तिने घराशीच संबंध तोडला.

बँकेच्या परीक्षेत तुझं अख्खं वर्ष मी घालवलं. क्लासची फी भरली म्हणून वर तुलाच ऐकवत होतो. तू घर सोडलं नाहीस, हा तुझा मोठेपणा. मी तो गृहीत धरला.

आई म्हणते, भट्टीजवळ सुती कपडेच घालत जा, ओढणी नको. पैसे पाठवले आहेत, मेणाला पुरतील का ते कळव.

गोऱ्ह्याच्या पायाखालचा पाट अजून काढलेला नाही. सुतळीची गाठ मला सुटत नाही आणि कापायला आई देत नाही. दिवाळीत येशील तेव्हा तूच सोड.

तुझे
बाबा